फाळक्याची कडी

कवळीताईंचं खरं नाव आळीत फार थोड्यांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा कंपाउंडर मापं घेऊन यायचा, तो खालूनच हाक मारायचा, "कवळीताई, दोन वरच्या, एक खालची," आणि खालच्या इस्त्रीवाल्यापासून समोरच्या किराणावाल्यापर्यंत साऱ्यांना कळायचं की आज कुणाच्या तरी तोंडाचं पार बोळकं झालं. सव्वीस वर्षं त्या तीन डॉक्टरांसाठी दात करत होत्या. घराची रस्त्याकडची गॅलरी काचा लावून बंद केली होती, तिथे त्यांचं टेबल. टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, दहा प्रकारच्या कोरण्या, घासायचं मशीन, आणि भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. नवीन पाहुणा आला की आधी त्या फळीकडे बघून दचकायचा.

नवरा पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायच्या कामावर. मुलगी लग्न होऊन गेलेली. आणि दोन वर्षांपासून घरात सासरे होते. त्यांना बाबा म्हणायचे. वय एक्याऐंशी. तरुणपणी चौदा वर्षं लष्करात मालाचा ट्रक चालवला, नंतर तीस वर्षं एका बेकरीची पावाची गाडी. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीचे जिने गुडघ्यांना झेपेनात, तेव्हा मुलाने त्यांना उचलूनच आणलं म्हणायचं.

घरात ते पाहुण्यासारखे राहायचे. चहा कसा हवा, चालेल. पंखा लावू का, चालेल. आल्या-आल्या कवळीताईंनी त्यांना नवी कवळी करून दिली. खालची कवळी एका बाजूला हिरडीत रुतत होती, पण आठ दिवस त्यांनी अवाक्षर काढलं नाही. चहात बुडवलेलं बिस्किट ते न चावता गिळताना दिसले, तेव्हा कवळीताईंनी तोंड उघडायला लावलं. आत चांगली जखम.

"अहो बाबा, सांगायचं नाही का?"

"तू एवढी मेहनत केलीस. चालेल की."

असा हा माणूस. म्हणून एके दिवशी दुपारी ते गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले आणि आपणहून काहीतरी मागू लागले, तेव्हा कवळीताईंनी हातातली कोरणी खाली ठेवली.

"सूनबाई, तुला एक गाडी करता येईल का?"

"कसली गाडी?"

"आमची. लष्करातली. मालाची." त्यांनी दोन्ही हात वितीएवढ्या अंतरावर धरले. "एवढी."

"अशा दुकानात मिळतात ना, बाबा."

"त्या बंद असतात. मला उघडणारी पाहिजे."

काय उघडणारी, ते त्यांनी सांगितलं नाही. कवळीताईंना वाटलं, दारं उघडणारी.

वडिलांनी काहीतरी मागितलं याचाच नवऱ्याला इतका आनंद झाला की तो त्याच संध्याकाळी बाजारात गेला आणि मोठं खोकं घेऊन आला. खोक्यावर रणगाड्याचं चित्र.

"लष्करी गाडी म्हटलं, दुकानदाराने ही काढून दिली," तो म्हणाला.

बाबांनी चित्र बघितलं. "रणगाडा आहे हा," ते म्हणाले, आणि मग सवयीने, "चालेल."

"काही चालणार नाही," कवळीताई म्हणाल्या आणि खोकं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बरोबर खोकं आलं. सहा चाकांचा ट्रक, मागे ताडपत्री, खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा. आत प्लास्टिकचे चौकोनी सांगाडे, त्यांना चिकटलेले तीनेकशे बारीक भाग, प्रत्येकाला आकडा, आणि एक कागद. त्यावर अक्षर एक नाही, नुसती बाणांची चित्रं.

कवळीताईंनी आयुष्यात खेळण्यातली गाडी हातात धरली नव्हती. पण तो कागद पंधरा मिनिटं बघितल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, हे तर माझंच काम आहे. फक्त जबड्याऐवजी ट्रक."

आणि होतंही तसंच. सांगाड्यातून भाग कापायचा, कापलेल्या जागी राहिलेला कोंब तासायचा, पॉलिश कागदाने घासायचा, जोड बसतोय का बघायचं, मगच डिंक. डिंक पाण्यासारखा पातळ, ब्रशच्या टोकाने लावला की फटीतून आपोआप पळायचा. डॉक्टरांचं काम आटोपलं की रोज दुपारी तासभर त्या गाडीच्या कामाला बसायच्या. आधी गाडीखालची चौकट, मग आस, मग सहा चाकं. इंजिनाचे अठरा तुकडे होते. वर बॉनेट बसल्यावर त्यातलं काही दिसणार नव्हतं, तरी त्यांनी अठराही लावले. कवळीच्या आतल्या बाजूलाही त्या असंच पॉलिश करायच्या. तिथे बघणारं कुणी नसतं, पण जिभेला कळतं.

बाबा रोज येऊन बघायचे. त्या विचारायच्या, "चाकं अशीच होती का?" "चालेल." "रंग कुठला देऊ?" "हिरवा. नाहीतर मातकट. काहीही." "दिव्यांना जाळ्या होत्या?" "असतील."

आपल्या गाडीबद्दल या माणसाला काहीच कसं सांगायचं नाही, हे त्यांना कोडंच होतं. एवढ्या हौसेने मागितली, आणि बघताना मात्र नजर एकाच जागी. ट्रकच्या मागच्या बाजूला.

ट्रकचा माल भरायचा भाग म्हणजे हौदा. हौद्याला मागून खाली पडणारं एक झडप असतं, त्याला ड्रायव्हर लोक फाळका म्हणतात. खोक्यातला फाळका हौद्याला चिकटवायचाच होता, त्याच्या कड्या नुसत्या वर उमटवलेल्या. बाबांनी त्यावर बोट ठेवलं.

"हा उघडला पाहिजे."

मग उलगडा झाला. कवळीताईंनी फाळका वेगळा कापला, पितळेच्या बारीक तारेच्या बिजागऱ्या केल्या आणि दोन्ही टोकांना दोन आकडे. तारेची कडी वाकवावी तर त्यांनीच. एखाददुसरा दात बसवायचा असतो, तेव्हा शेजारच्या दाताला धरून ठेवायला असलीच तारेची कडी लागते, आणि तशा त्यांनी हजारो वाकवल्या होत्या. आकडा तांदळाच्या कणीएवढा, पण अडकवला की फाळका घट्ट बसायचा, काढला की खाली पडायचा.

बाबांनी नखाने आकडा काढला, लावला, पुन्हा काढला. चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाले, "कडी अशी नव्हती."

कवळीताईंना आधी ऐकल्याचा भरवसाच वाटेना. या तोंडातून 'चालेल'शिवाय दुसरं काही निघू शकतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"मग कशी होती?"

"खिट्टी होती. साखळीला बांधलेली. भोकात घालायची."

त्यांनी खिट्टी केली. दोन तारा पिळून केसाएवढी साखळी, तिच्या टोकाला खिट्टी, फाळक्याला भोक. दोन दिवस बाबा खूश दिसले. तिसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर.

"सूनबाई, खिट्टी नव्हती. आकडाच होता. पण तुझ्या आकड्यापेक्षा मोठा."

मोठा आकडा केला. चार दिवसांनी पुन्हा खिट्टी. मग आकडा, पण उलटा, खालून वर येणारा. मग डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. सहा वेळा कडी झाली, सहा वेळा बदलली. दुखरी कवळी आठ दिवस निमूट घालणारा माणूस कणीएवढ्या कडीसाठी कामात असताना येऊन दार वाजवत होता. एकदा तर वरच्या दातांची ओळ मेणात लावताना बाबांनी हाक मारली, तेव्हा कवळीताईंचा हात हलला आणि समोरचे दोन दात फेंगडे बसले.

"मला वाटतं त्यांचं विसरायला लागलंय," रात्री जेवताना त्या नवऱ्याला हळूच म्हणाल्या. "सकाळी एक सांगतात, दुपारी दुसरं."

नवऱ्याने घास खाली ठेवला. त्याला ते मनातून आधीच वाटत असावं. दुसऱ्या दिवशी बाबांना आळीतल्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबांनी दोनपर्यंत खाली आणून दाखवले आणि विचारलं, "आता उणे करू का?" डॉक्टर हसले. डोकं शाबूत आहे म्हणाले. त्यामुळे गोंधळ कमी व्हायचा तो वाढलाच. डोकं बिघडलं असतं तर निदान कारण तरी सापडलं असतं.

सातवी कडी लावून दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. कवळीताई डॉक्टरांकडे तयार कवळ्या पोचवून तासाभराने घरी आल्या. चपला काढताना आतून टकटक आवाज येत होता. बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं. ते पलंगावर बसले होते, मांडीवर चहाचा ट्रे, ट्रेमध्ये रंग न दिलेला करडा ट्रक. हौद्यात सुके वाटाणे भरले होते. फाळक्याच्या एका बाजूची कडी लावलेली, दुसरी मोकळी. त्यांनी ट्रे पुढून उचलून चढ केला आणि खालून बोटाने टकटक धक्के दिले. वाटाणे मागे सरकले. फाळका उघडला नाही. पलंगावर कागद होता, त्यावर त्यांनी एक रेघ ओढली. पुन्हा ट्रे तिरका केला. कागदावर रेघांच्या दोन रांगा होत्या, एक लांब, एक आखूड.

कवळीताई तशाच उभ्या राहिल्या. पुढे जावं की मागे फिरावं, समजेना. एवढ्यात एका धक्क्याला फाळका सुटला, वाटाणे जमिनीवर सांडले आणि त्यातला एक घरंगळत त्यांच्या पायाशी आला. बाबांनी वर बघितलं.

"ये," ते म्हणाले. "बस."

मग त्यांनी सांगितलं. वय सव्वीस असताना ते डोंगरातल्या एका रस्त्यावर सामान पोचवायचे. तुकडीत केस कापणारा एक जण होता, त्याला सगळे वस्तरा म्हणायचे. गप्पिष्ट होता. एके दिवशी तो पुढच्या छावणीवर जायला यांच्या गाडीत मागे बसला, तांदळाच्या पोत्यांवर. वाटेत एका चौकीवर गाडी थांबली. फाळका उघडून दोन पोती उतरवली. बाबांनी फाळका लावायला घेतला, एक बाजू लावली, तेवढ्यात कुणीतरी सहीसाठी हाक मारली. ते गेले, सही केली आणि सरळ येऊन गाडीत बसले. पुढे मोठा चढ होता. चढ संपल्यावर मागे बघितलं तर फाळका लोंबत होता आणि वस्तरा नव्हता. दरीच्या कडेला त्याची साबणाची डबी सापडली. तो स्वतः खाली सापडला, संध्याकाळी.

"चौकशी झाली. अपघात लिहिला. मला कुणी काही बोललं नाही," बाबा म्हणाले. "पण त्या दिवशी मी कुठली गाडी नेली होती, हे मला आठवत नाही. आमच्याकडे दोन गाड्या होत्या, आलटून पालटून मिळायच्या. एकीला आकडे, दुसरीला खिट्ट्या. आकड्याची असेल तर एक बाजू राहिली तरी फाळका तगतो. म्हणजे मग तो आपल्या चुकीने पडला, उगाच उठून उभा राहिला असेल, फाळका नंतर सुटला असेल. खिट्टीची असेल तर नाही तगत. मला हाताला दोन्ही आठवतात. डोळे मिटले की आकडाही लागतो आणि खिट्टीही."

कवळीताई वाटाणे गोळा करत राहिल्या. त्यांना एक गोष्ट लख्ख कळत होती आणि ती सांगावी की नाही हे कळत नव्हतं. या गाडीवरून काहीच ठरणार नव्हतं. त्यांची तार खऱ्या लोखंडाच्या मानाने कितीतरी ताठ, वाटाण्यांना पोत्याचं वजन नाही, ट्रेचा चढ म्हणजे डोंगर नाही. शेवटी त्या म्हणाल्याच.

"बाबा, एवढ्याशा कडीवरून त्या कडीचं कळत नाही हो."

"ते मला कळतं," बाबा म्हणाले. "मी तीन टनांच्या गाड्या चालवल्या आहेत." आणि कागदावर एक रेघ ओढली.

रात्री कवळीताईंनी हे सारं नवऱ्याला सांगितलं. पन्नास वर्षांत वडिलांनी त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं. मग त्याला आठवलं की बाबांच्या जुन्या वहीत कुणा मास्तराचा फोन नंबर होता. तुकडीतला कारकून, अक्षर सुंदर म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. गाड्यांच्या नोंदी तोच लिहायचा. नंबर लागला. मास्तर दुसऱ्या गावी मुलीकडे होते. तिने सांगितलं, आमचे बाबा खूप दिवसांपासून म्हणतायत कुणीतरी जुनं भेटायला हवं, आम्ही रविवारी येतो.

रविवारी बाप-लेक बसने आले. मास्तर बाबांहून दोन वर्षांनी मोठे, पाठीत वाकलेले, पण तोंड सतत हसरं. दारातूनच ओरडले, "काय रे काडी, अजून तसाच?" तेव्हा कवळीताईंना कळलं की आपल्या सासऱ्यांना कधीकाळी काडी म्हणायचे.

चहा झाला आणि बाबांनी ट्रक आणून समोर ठेवला. मास्तरांनी चष्मा बदलून तो चहूबाजूंनी बघितला. जास्तीचं चाक केबिनच्या मागे नव्हतं, हौद्याखाली होतं म्हणाले. मग फाळक्याजवळ येऊन थांबले.

"ही कुठल्या गाडीची कडी?"

"तेच विचारायला बोलावलंय," बाबा म्हणाले. "वस्तरा पडला त्या दिवशी मी कुठली गाडी नेली होती? तू नोंद लिहायचास."

मास्तरांनी चष्मा काढला. "तू कुठली नेणार? तू दवाखान्यात होतास. तुला कावीळ झाली होती. गाडी जाड्याने नेली."

जाड्या म्हणजे दुसरा ड्रायव्हर, हे बाबांनीच नंतर सांगितलं. आत्ता ते नुसते मास्तरांकडे बघत होते.

"कावीळ मला पुढच्या उन्हाळ्यात झाली," ते म्हणाले.

"त्याच वर्षी."

"जाड्या त्या वर्षी सुट्टीवर होता."

"सुट्टीवरून आला होता. अरे, मी स्वतः तुझ्या खाटेशी येऊन बसलो आणि तुला सगळं सांगितलं. चौकी, सही, चढ, साबणाची डबी, सगळं. तू तापात होतास. रडलास."

"मी चढावर होतो," बाबा म्हणाले. "फाळका आपटत होता, तो आवाज मी ऐकलाय."

"मी सांगितला असेल. मी आवाज काढून सांगतो, तुला माहीत आहे माझं."

दोघं तासभर भांडले. वर्षं मोजली, अधिकाऱ्यांची नावं काढली, कुठल्या साली बर्फ पडला ते काढलं. कधी एकाचं बरोबर वाटायचं, कधी दुसऱ्याचं. नवरा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत बसला होता. कवळीताई दुसरा चहा टाकायला उठल्या, तशी मास्तरांची मुलगीही मागोमाग स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, एक सांगू?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "आमच्या बाबांचं सगळंच खरं धरू नका. हल्ली ते समोरच्याला बरं वाटेल तसं सांगतात. परवा शेजारच्या आजींना म्हणाले, तुमचे यजमान माझ्या वर्गात पहिले यायचे. ते गृहस्थ आमच्या गावचेच नव्हते."

"म्हणजे हे खोटं आहे?"

"खोटं असं नाही म्हणत मी. कावीळ झाली होती म्हणतात ती झालीही असेल. मला खरंच सांगता येत नाही."

संध्याकाळच्या बसपर्यंत पोचवायला कवळीताई गेल्या. मुलगी तिकिटाच्या खिडकीशी रांगेत होती. मास्तर बाकावर बसले होते, तेव्हा कवळीताईंनी धीर करून विचारलं, "काका, गाडी खरंच जाड्यांनी नेली होती?"

मास्तरांनी पिशवीचे बंद नीट केले. "जाड्या वारला, त्याच्या आदल्या वर्षी माझ्याकडे आला होता," ते म्हणाले. "त्यालाही हेच. सारखं म्हणायचा, मी एकच बाजू लावली. त्याला मी सांगितलं, बाबा रे, तू नव्हतास, काडी होता."

"मग नक्की कोण होतं?"

"नोंद मीच लिहिली होती," मास्तर म्हणाले. "तेव्हा मला माहीत होतं."

बस आली. मुलीने त्यांना हाताला धरून चढवलं. खिडकीतून त्यांनी हात केला, अगदी आनंदात.

घरी परतताना कवळीताईंच्या मनात एकच प्रश्न. हे सांगायचं की नाही? सांगितलं तर मास्तर खोटे ठरतात आणि बाबा पुन्हा त्या चढावर. नाही सांगितलं तर बाबा मोकळे. पण घरी येऊन बघतात तो बाबा मोकळे झाल्यासारखे मुळीच दिसेनात. ते जेवले नाहीत. दोन दिवस गाडीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गॅलरीत आले, खुर्चीवर बसले आणि फळीवरच्या जबड्यांकडे बघत म्हणाले,

"मी नव्हतो, तर पंचावन्न वर्षं मी कुणाचं घेऊन बसलो होतो?"

त्यांच्या आवाजात राग होता. कवळीताईंना वाटलं होतं, ओझं उतरलं की माणूस सुटकेचा श्वास टाकतो. इथे उलटंच. कुणीतरी घरातलं सामान न विचारता उचलून नेल्यासारखे ते बसले होते.

तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. बाकावरचं बोलणं, शब्दाला शब्द. सांगताना घाबरल्या होत्या, म्हणून हातातल्या मेणाच्या पट्टीला विनाकारण कोरत होत्या.

बाबांनी पूर्ण ऐकलं. "जाड्यालाही वाटायचं?" त्यांनी विचारलं.

"हो. एकच बाजू लावली म्हणायचे."

"जाड्याला," ते पुन्हा म्हणाले. "आम्ही दोघं नंतर सहा वर्षं एका तंबूत झोपलो. एक शब्द बोलला नाही." मग, "मीही नाही बोललो."

ते उठून गेले. त्या दिवशी रात्री मात्र जेवले, आणि भात आणखी घेतला.

पुढच्या आठवड्यात कवळीताईंनी ट्रक पुरा करायला घेतला. कडी कुठली ठेवायची हे विचारलं, तर बाबा म्हणाले, "तुला सोपी पडेल ती." त्यांनी आकडे ठेवले, खिट्ट्या हरवतात. जास्तीचं चाक मास्तरांच्या सांगण्याप्रमाणे हौद्याखाली घेतलं. ताडपत्री पातळ कागदाची केली, पाण्यात कालवलेल्या डिंकात बुडवून तारेच्या कमानींवर पसरली आणि ओली असतानाच सुईने सुरकुत्या पाडल्या. रंग हिरवा दिला. पण नवा कोरा रंग त्यांच्या डोळ्यांना खुपला नसता तरच नवल. साठीच्या माणसाला फार पांढरे दात दिले की खोटे दिसतात, म्हणून त्या दातांच्या मुळाशी चहाचा हलका पिवळा डाग देत आल्या होत्या. तसंच इथे केलं. पातळ काळपट रंग फटींतून सोडला, कडांवर कोरड्या ब्रशने फिका हात फिरवला, पाय ठेवून चढायच्या जागी स्पंजाच्या तुकड्याने पोपडे उडवले. प्लास्टरच्या भुकटीत माती कालवून चाकांच्या आत भरली. बाबा शेजारी बसून सांगत होते, चिखल पुढच्या चाकांपेक्षा मागच्यांना जास्त लागतो, काचेवर फक्त वायपरची कमान स्वच्छ राहते. आता त्यांना सगळं आठवत होतं, दिव्यांच्या जाळ्यांसकट.

"ड्रायव्हर बसवायचा?" कवळीताईंनी विचारलं.

"बसव."

"बारीक करू की जाडा?"

प्रश्न तोंडातून निसटून गेला आणि त्यांनी जीभ चावली. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हलकी थरथर सुटली. कवळीताई घाबरून उठायला लागल्या, तर ते हसत होते. दोन वर्षांत त्यांनी बाबांना असं हसताना बघितलं नव्हतं. कवळी सुटू नये म्हणून त्यांनी तोंडावर हात धरला.

"दोन कर," ते म्हणाले. "केबिनमध्ये दोघांची जागा असते."

त्यांनी कवळीच्या गुलाबी मसाल्यातूनच दोन माणसं कोरली, प्रत्येकी अंगठ्याच्या दोन पेरांएवढी. एक काडी, एक जाड्या. गणवेश रंगवला, टोप्या दिल्या. मग त्यांना वाटलं की मागे पोत्यांवर तिसराही हवा, आणि त्यांनी तसं विचारलं.

"त्याला नको," बाबा लगेच म्हणाले. "त्याला मी परत गाडीत बसवणार नाही."

कवळीताईंनी मान डोलावली. हे एवढं त्यांना पटकन समजलं, बाकी काही समजलं नसलं तरी. दोघांना केबिनमध्ये ठेवलं आणि डिंकाची बाटली घेतली, तर बाबांनी हात आडवा केला. चिकटवू नको म्हणाले.

ट्रक बाबांच्या खोलीत खिडकीजवळच्या कपाटावर राहिला. बाबा त्यानंतर तीन वर्षं होते. मास्तरांना ते महिन्यातून एकदा फोन करायचे. वस्तऱ्याबद्दल बोलणं झालेलं कवळीताईंनी कधी ऐकलं नाही, बर्फ कुठल्या साली पडला यावर मात्र दर वेळी वाद. नवऱ्याने एकदा विचारायचा प्रयत्न केला, "बाबा, मग तुम्हाला आता काय वाटतं, कोण होतं?" तर म्हणाले, "दर सकाळी वेगळं वाटतं."

ते खरंच असावं. कवळीताई दर शनिवारी तो ट्रक मऊ ब्रशने पुसायच्या. पुसताना बघायच्या तर कधी स्टिअरिंगवर काडी असायचा आणि शेजारी जाड्या, कधी जाड्या गाडी चालवत असायचा आणि काडी खिडकीतून बाहेर बघत. जागा कधी बदलल्या, ते त्यांनी कधी पाहिलं नाही आणि विचारलंही नाही. जसे असतील तसे ठेवून त्या धूळ पुसायच्या आणि गॅलरीत जाऊन कामाला लागायच्या.